रस्तारुंदी आणि रोपवाटिकांचे स्थलांतर

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे हडपसर मागे पडताच दोन्ही अंगांस रोपवाटिका दिसू लागतात. मांजरी, लोणी काळभोर, कुंजीरवाडी, सोरतापवाडी आणि शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवरील उरुळी कांचन या पट्ट्यात आंबा, चिकू, पेरू, सीताफळ यांची कलमे, नारळाची रोपे, गुलाब आणि नाना तऱ्हेची शोभेची झाडे तयार होतात व दूरवर जातात. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी, शहराची बाजारपेठ आणि दारावरून जाणारा हमरस्ता या तीन गोष्टींच्या आधाराने हा धंदा येथे वाढला. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणून ओळखला जाई. आज त्याचा क्रमांक ६५ आहे. नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा इतर शहरांच्या वेशीवरही थोड्याफार फरकाने हेच चित्र आढळते.

रोपवाटिका रस्त्याच्या कडेलाच का असतात, याचे एक कारण उघड आहे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस माल पडला पाहिजे. दुसरे कारण मात्र फारसे बोलले जात नाही. हमरस्त्यालगत ठराविक अंतरापर्यंत पक्के बांधकाम करता येत नाही. शिवाय विकास आराखड्यात रस्त्यासाठी दाखविलेली जमीन रस्ता होईपर्यंत मोकळीच पडून असते. अशी जमीन मालक रोपवाटिकेस आनंदाने देतो, कारण कुंड्या, पिशव्या व शेडनेट हे सारे उचलून नेण्याजोगे असते आणि भाडेही सुटते. याचा अर्थ असा की, ज्या कारणाने ती जागा रोपवाटिकाधारकास परवडते त्याच कारणाने ती कधीतरी सोडावी लागणार असते. शहर वाढले की रस्ता रुंद होतो आणि पहिला फावडा रोपवाटिकेवर पडतो. शहराच्या वाहतुकीची आजची स्थिती पाहता रस्ते रुंद होऊ नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोपवाटिका हलविणे म्हणजे दुकान हलविणे नव्हे, ही गोष्ट रस्ता बांधणाऱ्या खात्यांच्या तर नाहीच, पण पुष्कळदा रोपवाटिकाधारकांच्याही ध्यानी वेळेवर येत नाही.

रोपवाटिकेचे खरे भांडवल

रोपवाटिकेत शिरणाऱ्यास ओळीने मांडलेल्या पिशव्या दिसतात आणि हाच येथील माल असे त्यास वाटते. हा माल वर्षा-दोन वर्षांत विकला जाणारा आहे. तो पुन्हा तयार करता येतो. ज्यांच्यावाचून तो तयार होऊच शकत नाही ती झाडे बहुधा मागच्या बाजूस, विहिरीजवळ किंवा बांधावर उभी असतात. ज्यांच्यापासून कलमकाड्या, डोळे किंवा गुटी घ्यावयाची ते हे मातृवृक्ष होत. त्यांची जात खात्रीची आहे, त्यांना भरघोस व नियमित फळ येते, रोग नाही, हे वर्षानुवर्षे पाहून त्यांची निवड झालेली असते. कलमाचे सारे गुण मातृवृक्षापासून येतात.

एका झाडाचे मोल किती असू शकते याचे उदाहरण पुण्यातच आहे. गणेशखिंड येथील बाग १८७३ साली सुरू झाली आणि पुढे तेथे फळझाडांवरील प्रयोग चालले. १९२७ साली तेथे अलाहाबाद सफेदा जातीच्या पेरूच्या बीजरोपांतून एक झाड निवडण्यात आले. त्यास लखनौ-४९ हे नाव मिळाले व पुढे हीच जात सरदार या नावाने देशभर पसरली. आज ज्या शेतकऱ्याच्या शेतात सरदार पेरूचे अस्सल कलम उभे आहे, त्या कलमाची वंशावळ गणेशखिंडीच्या त्या निवडीपर्यंत जाऊन पोहोचते. कलमे बांधण्यापूर्वीच ते झाड एखाद्या कामासाठी तोडले गेले असते, तर ही जात निर्माण झाली नसती. गणेशखिंडीची बाग २०२० साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून अधिसूचित झाली, ही समाधानाची गोष्ट होय. रस्त्याकडेच्या खाजगी रोपवाटिकेतील मातृवृक्षांस असे संरक्षण नसते. त्यांची काळजी ज्याची त्यानेच घ्यावयाची आहे.

येथे काळाचा हिशेब आड येतो. नव्या जागी लावलेले आंब्याचे कलम उपयोगी पडतील इतक्या काड्या देऊ लागण्यास साधारण तीन ते चार वर्षे लागतात. पेरू व डाळिंब यांपासून दुसऱ्या वर्षापासून थोडेफार मिळू लागते. जागा सोडण्याची नोटीस मात्र महिन्या-दोन महिन्यांची असते. नोटीस आल्यावर धावाधाव करून पिशव्या वाचविता येतील, पण मातृवृक्ष गेले तर पुढील काही वर्षे कलमकाडी दुसऱ्याकडून विकत आणावी लागेल. विकतच्या काडीची खात्री कोण देणार? अशा कलमांवर आपल्या नावाची चिठ्ठी लावून ती विकणे म्हणजे आजवर मिळविलेला लौकिक पणास लावणे आहे. सबब स्थलांतराची सुरुवात नोटिशीपासून न करता मातृबागेपासून करावी, आणि ती रस्त्याची आखणी कागदावर दिसेल त्याच वर्षी करावी.

आखणी आधी कशी कळते

शहराच्या हद्दीतील रस्ते अचानक रुंद होत नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये तयार होणाऱ्या विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी अनेक वर्षे अगोदर दाखविलेली असते. नगररचना कार्यालयातून आपल्या गट क्रमांकाचा भाग नकाशा व झोन दाखला थोड्या शुल्कात मिळतो. रोपवाटिकेसाठी जागा भाड्याने घेताना हे दोन कागद पाहिल्यावाचून करार करू नये. महानगरपालिका रस्त्याची नियमित रेषा ठरविते तेव्हा त्याचीही जाहीर सूचना निघते. राष्ट्रीय महामार्गाच्या बाबतीत १९५६ च्या अधिनियमाखाली अधिसूचना प्रसिद्ध होते व तेव्हापासून हरकतीसाठी २१ दिवस मिळतात. २०१३ च्या भूसंपादन अधिनियमाखाली ही मुदत ६० दिवसांची आहे. वृत्तपत्रातील बारीक अक्षरांच्या सूचना वाचण्याचा कंटाळा असल्यास तलाठ्याकडे अधूनमधून चौकशी ठेवावी. कडेला पिवळे दगड रोवले जाईपर्यंत वाट पाहू नये.

नवी मातृबाग

आखणी कळली की जुन्या प्रत्येक मातृवृक्षापासून निदान दहा कलमे बांधावीत. अगोदर झाडांची तपासणी करून रोगट किंवा संशयास्पद झाडे वगळावीत. संत्रा-मोसंबीच्या बाबतीत ही तपासणी विशेष कसोशीने करावी, कारण ट्रिस्टेझासारखे विषाणुरोग डोळ्यावाटे नव्या झाडात जातात. आंब्याच्या मृदुकाष्ठ कलमासाठी पेन्सिलीच्या जाडीची १० ते १५ सेंटिमीटर लांबीची काडी निवडावी आणि ती कापण्यापूर्वी सात ते दहा दिवस तिची पाने देठ ठेवून छाटावीत, म्हणजे डोळे फुगतात व कलम चांगले जीव धरते. कोय कलमे पावसाळ्याच्या आरंभी बांधावीत. पेरू व डाळिंब यांच्या गुट्या पावसाळ्यात बांधाव्यात. चिकूसाठी रायणीचा खुंट आणि संत्र्यासाठी जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट अगोदर तयार असावा लागतो. हे खुंट ऐनवेळी मिळत नाहीत आणि मिळाले तरी मनाजोगे नसतात.

प्रत्येक कलमास कोणत्या मातृवृक्षापासून ते घेतले त्याचा क्रमांक देणारी पत्र्याची चिठ्ठी बांधावी. हे काम क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच ते राहून जाते. शंभर कलमे नव्या जागी लावल्यावर कोणते कोठले हे सांगता आले नाही, तर मातृबाग उभी राहूनही तिचा उपयोग अर्धाच होईल. मातृबागेतील झाडे फळासाठी लावावयाची नसल्याने ती बागेपेक्षा जवळ लावली तरी चालतात. दर वर्षी छाटणी करून ती आटोपशीर ठेवावीत.

जागेची निवड

नवी जागा निवडताना बहुतेकांचे लक्ष प्रथम रस्त्याकडे जाते. ते साहजिक असले तरी प्रथम पाणी पाहावे. वीस हजार पिशव्यांची रोपवाटिका धरली आणि उन्हाळ्यात प्रत्येक पिशवीस दररोज अर्धा लिटर पाणी दिले, तर रोज १०,००० लिटर पाणी लागते, म्हणजे एक मोठा टँकर. मातृबाग व जमिनीतील वाफे यांचे पाणी वेगळेच. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत किती टिकते हे शेजाऱ्यांस विचारल्यावाचून व्यवहार पुरा करू नये. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. क्षारतेचा निर्देशांक ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर पाणी रोपांस चांगले, २.२५ च्या वर गेल्यास त्या पाण्यावर रोपवाटिका करण्याचा विचार सोडून द्यावा. पिशवीतील मूठभर मातीत क्षार साठण्यास वेळ लागत नाही आणि त्यांचा निचरा होण्यास खोल जमीनही नसते.

माती पिशवीसाठी बाहेरून आणता येते, मातृबागेसाठी आणता येत नाही. भारी काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या किंवा चुनखडीच्या जमिनीत संत्रावर्गीय झाडांची पाने पिवळी पडतात व आंबाही नीट वाढत नाही. मध्यम खोलीची, निचऱ्याची जमीन पाहावी. पश्चिमेच्या वाऱ्यास आडोसा नसल्यास शेवरी किंवा गिरिपुष्पाची दाट ओळ आधी लावावी. जुन्या जागेची वरची पोसलेली माती सोबत नेण्याचा मोह होतो, आणि तो गैर नाही. एका गुंठ्यातील १५ सेंटिमीटर थर काढल्यास सुमारे पाच ब्रास माती होते. ती नेण्यापूर्वी तहसील कार्यालयात परवानगीसंबंधी विचारावे. परंतु ज्या वाफ्यांत मूळकूज किंवा बुंधाकूज आढळली असेल तेथील एक घमेलेही नेऊ नये. शंका असेल ती माती एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाखाली चार ते सहा आठवडे तापू द्यावी व मगच वापरावी.

पिशव्यांची वाहतूक

आता प्रत्यक्ष हलवाहलवीकडे वळू. येथे हिशेब न करता मालमोटारी बोलावल्या म्हणजे फार हाल होतात. भरल्यावर १५ सेंटिमीटर व्यासाची व २५ सेंटिमीटर उंचीची पिशवी घेतली तर ओली असताना तिचे वजन पाच ते सहा किलो भरते. अशा वीस हजार पिशव्यांचे वजन १०० ते १२० टन होईल. दहा टनांच्या मोटारीच्या अकरा-बारा खेपा पुरतील असा अंदाज यावरून बांधला जातो आणि तो साफ चुकतो. पिशव्या एकावर एक रचता येत नाहीत. पाच मीटर लांब व दोन मीटरपेक्षा थोड्या अधिक रुंद हौद्यात एका थरात सुमारे साडेचारशे पिशव्या मावतात. म्हणजे वजन अडीच टन आणि खेपा चव्वेचाळीस. लहान रोपांसाठी हौद्यात फळ्यांचा मजला करून दुसरा थर घेतल्यास खेपा निम्म्यावर येतात. फळ्या व टेकू यांचा खर्च वाचलेल्या भाड्यातून निघून जातो. उंच कलमांस मात्र मजला चालत नाही. ती आडवी निजवून नेल्यास जोड निखळतो. नव्या जागेचाही असाच हिशेब करावा. वीस हजार पिशव्यांस निव्वळ साडेचार गुंठे लागतात, पण चालण्याच्या वाटा व पाण्याचे पाट धरता नऊ-दहा गुंठे सपाट करून ठेवावे लागतील.

वर्षभर एका जागी असलेल्या पिशव्यांची मुळे बुडाच्या छिद्रांतून जमिनीत उतरलेली असतात. ऐन दिवशी पिशवी उपटली की ही मुळे तुटतात व दोन दिवसांत रोप माना टाकते. यासाठी नेण्यापूर्वी तीन आठवडे प्रत्येक पिशवी जागच्या जागी उचलावी, बाहेर आलेली मुळे धारदार कात्रीने छाटावीत आणि पिशवी पॉलिथीनच्या कागदावर पुन्हा मांडावी. या काळात सावली व पाणी अधिक द्यावे. जी रोपे कोमेजतील ती मागे ठेवावीत; त्यांना प्रवास सोसणार नाही. नेण्याच्या आदल्या सायंकाळी भरपूर पाणी द्यावे. सकाळी पाणी देऊन लगेच भरल्यास चिखल होऊन पिशव्या फाटतात. मोटार झाकलेली असावी. उघड्या हौद्यात वाऱ्याने होणारे नुकसान उन्हाने होणाऱ्या नुकसानीपेक्षा अधिक असते, हे ज्यांनी एकदा पाहिले आहे ते ताडपत्री विसरत नाहीत.

जमिनीतील झाडे

वाफ्यांत वाढलेली कलमे हुंडीसह काढावीत. वाफा दोन दिवस आधी ओला करावा, चोहोबाजूंनी चर खणून खालून पहारीने मूळ तोडावे व हुंडी गोणपाटात घट्ट बांधून सुतळीने शिवावी. हुंडी फुटलेले कलम लावण्यात श्रम घालवू नयेत.

मोठे झाड मुळासकट हलविण्याची कल्पना लोकांस फार आवडते व वृत्तपत्रांत तशी छायाचित्रेही येतात. यासंबंधी स्पष्ट लिहिणे बरे. हुंडीचा व्यास खोडाच्या व्यासाच्या निदान दहापट असावा असा नियम आहे. खोड १० सेंटिमीटर जाड असेल तर हुंडी एक मीटर रुंद होते व तिचे वजन सहा-सात क्विंटल भरते. दहा-बारा गड्यांनी वाशांवर तोलून ती नेता येईल. खोड ३० सेंटिमीटरचे असेल तर हुंडी तीन मीटरची व वजन दहा टनांच्या आसपास जाते. तेथे यारी पाहिजे, रुंद वाट पाहिजे आणि तारा आड येता कामा नयेत. याहून लहान हुंडी बांधून झाड नेले तर ते काही महिने हिरवे दिसते, पहिल्या उन्हाळ्यात वाळते आणि तोवर छायाचित्र घेणारे निघून गेलेले असतात. ज्याच्याकडे तीन-चार जुने मातृवृक्ष आहेत त्याने त्यांपैकी एखादेच, खोड फार जाड न झालेले, निवडावे आणि बाकीच्यांपासून कलमे बांधण्यात आपला पैसा घालावा, असे आमचे मत आहे.

जे झाड न्यावयाचे त्याची तयारी आठ महिने आधी सुरू करावी. पाऊस संपताच, ऑक्टोबरात, ठरविलेल्या परिघावर अर्ध्या बाजूस चर खणून मुळे स्वच्छ कापावीत व चरात पालापाचोळ्याचे खत आणि पोयटा माती भरावी. उरलेली अर्धी बाजू जानेवारी-फेब्रुवारीत कापावी. चरात नवी तंतुमुळे फुटतात व झाड त्यांच्या बळावर नव्या जागी तग धरते. मृगाचा पाऊस स्थिर झाल्यावर फांद्यांची विरळणी करून, कापलेल्या जागी बोर्डो मलम लावून झाड हलवावे. उत्तरेकडील बाजूस आधीच चुन्याची खूण करून ठेवावी व नव्या जागी तीच बाजू उत्तरेस करावी, नाहीतर आजवर सावलीत असलेली साल उन्हाने तडकते. खोडाभोवती गोणपाट गुंडाळावे आणि तिन्ही बाजूंनी ताण द्यावा.

शहराच्या हद्दीत झाड तोडण्यास किंवा हलविण्यास १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची झाडे वारसा वृक्ष समजली जातात. आपल्याच रोपवाटिकेतील आपणच लावलेले झाड आहे म्हणून परवानगी नको, असे समजू नये.

हंगामाविषयी एवढेच की, एप्रिल व मे महिने टाळावेत. सदाहरित झाडांस जून-जुलै उत्तम. गुलाब, अंजीर, डाळिंब यांस डिसेंबर-जानेवारीही चालतो. नोटिशीची मुदत उन्हाळ्यात संपत असेल तर पाऊस पडेपर्यंत ताबा लांबणीवर टाकण्याचा लेखी अर्ज करावा आणि त्यासोबत कृषि अधिकाऱ्याचे मत जोडावे. रस्त्याचे काम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत असते. रोपवाटिकांच्या पट्ट्याकडील तुकडा शेवटी घेणे बांधकाम खात्यास बहुधा शक्य असते. त्यांना तसे सांगणारे कोणी नसते, इतकेच.

नुकसानभरपाई

२०१३ च्या अधिनियमाप्रमाणे जमिनीस जडलेल्या झाडांचे व रोपांचे मूल्य ठरविताना जिल्हाधिकाऱ्यास कृषी, वने, फलोत्पादन या क्षेत्रांतील अनुभवी व्यक्तींची मदत घेता येते. धंद्याची जागा बदलणे भाग पडल्यास त्यासाठी होणारा वाजवी खर्चही भरपाई ठरविताना विचारात घ्यावयाचा असतो. २०१५ पासून भरपाईच्या या तरतुदी राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनासही लागू आहेत. पिशवीतील रोप जमिनीस जडलेले नसते. त्यामुळे त्याची भरपाई झाड म्हणून न मागता स्थलांतराच्या खर्चात मागावी. वर दिलेला खेपांचा हिशेब, मजुरी, शेडनेट पुन्हा उभारण्याचा खर्च, हे सारे दरपत्रकांसह मांडावे.

मातृवृक्षांच्या बाबतीत एक अडचण येते. फळझाडाचे मूल्यांकन त्याच्या फळाच्या उत्पन्नावरून होते. रोपवाटिकेतील आंब्याचे झाड सतत काड्या काढल्यामुळे फळ फारसे देत नाही, म्हणून कागदोपत्री ते शेजारच्या बागेतील झाडाहूनही हलके ठरते. त्याचे उत्पन्न काड्यांचे आहे हे दाखविण्यास पुरावा हवा. कोणत्या झाडापासून कोणत्या वर्षी किती कलमे बांधली व ती किती किमतीस विकली, याची नोंदवही आणि पावत्या हाच तो पुरावा होय. फळांच्या रोपवाटिकांसंबंधीच्या १९६९ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली परवाना घेतलेल्यांनी खुंट व डोळकाडी यांच्या उगमाची नोंद ठेवावयाचीच असते. ती मन लावून ठेवली तर येथे कामी येते. संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे. पंचनाम्यात झाडाची जात, वय, घेर आणि ‘मातृवृक्ष’ हा शब्द लिहिला गेला आहे हे वाचून पाहावे व मगच सही करावी. नुसते ‘आंबा, ४ नग’ असे लिहिलेल्या पंचनाम्यावर पुढे भांडून उपयोग होत नाही.

जमीन थेट वाटाघाटीने विकत घेतली जात असेल, किंवा विकास आराखड्यातील रस्त्यासाठी पैशांऐवजी विकास हक्क दिले जात असतील, तर भाडेकरू रोपवाटिकाधारकाने विशेष सावध असावे. असा व्यवहार मालकाशी होतो आणि विकास हक्कांतून भाडेकरूच्या हाती काहीच येत नाही. झाडे कोणाची व जागा सोडावी लागल्यास स्थलांतराचा खर्च कोणी सोसावयाचा, हे भाडेकरारातच लिहून घेतलेले बरे. तोंडी करारावर चालणाऱ्या रोपवाटिका शहराजवळ पुष्कळ आहेत. मालक सज्जन असला तरी कागद असू द्यावा.

पदपथावर किंवा रस्त्याच्या हद्दीत कुंड्या मांडून विक्री करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना जमिनीची भरपाई मिळणार नाही. तथापि ज्यांच्याजवळ पथविक्रीचे प्रमाणपत्र आहे त्यांना २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार ३० दिवसांची नोटीस दिल्यावाचून हलविता येत नाही. त्यांनी नगर पथविक्रेता समितीकडे पर्यायी जागा मागताना पाण्याचा नळ जवळ असावा हा मुद्दा पुढे ठेवावा. भाजीवाल्यास चालणारी जागा रोपे विकणाऱ्यास चालतेच असे नाही.

रस्ता बांधणाऱ्यांसही एक सूचना करावीशी वाटते. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०१५ साली जाहीर झालेल्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा एक टक्का वृक्षलागवडीसाठी ठेवावयाचा आहे. या लागवडीस वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, चिंच यांची पुरुषभर उंचीची रोपे लागतात आणि तशी रोपे तयार होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. रस्त्याचे कामही बहुधा तितकाच काळ चालते. हलविल्या जाणाऱ्या रोपवाटिकांशी आरंभीच पुरवठ्याचा करार केल्यास खात्यास जवळच जोमदार रोपे मिळतील व धंदा विस्कळीत झाल्याच्या काळात रोपवाटिकाधारकांस हक्काचे उत्पन्न राहील.

नव्या जागी गेल्यावर

उतरविलेल्या पिशव्या पहिले दहा दिवस दाट सावलीत ठेवाव्यात. शेडनेट नसेल तर नारळाच्या झावळ्यांचा मांडव चालतो. लगेच खत देऊ नये. तीन आठवड्यांपर्यंत कोणतेही कलम विकू नये, कारण प्रवासात दुखावलेले कलम बाहेरून धडधाकट दिसते आणि गिऱ्हाइकाच्या शेतात जाऊन मरते. परवान्यासाठी नव्या गट क्रमांकासह कृषि खात्याकडे अर्ज जागा बदलण्यापूर्वीच करून ठेवावा. राष्ट्रीय बागवानी मंडळाची मान्यता असल्यास त्यांनाही कळवावे, कारण ती मान्यता मातृबाग पाहून दिली जाते. जुन्या जागी ताबा जाईपर्यंत नव्या पत्त्याचा ठळक फलक उभा करावा व त्यावर वाटेच्या खुणा लिहाव्यात. नवी जागा रस्त्यापासून आत असेल तर फाट्यावर विक्रीपुरती चार-पाचशे पिशव्यांची लहान जागा घ्यावी आणि मातृबाग व वाफे आतच ठेवावेत. पुढे रस्ता पुन्हा रुंद झाला तरी त्यांना हात लागणार नाही. मातृबागेतील मेलेली कलमे त्याच पावसाळ्यात, त्याच क्रमांकाच्या जुन्या झाडाच्या कलमांनी भरून काढावीत. त्यासाठी बांधलेल्या कलमांपैकी काही पिशव्यांत राखून ठेवलेली असावीत, आणि जुनी झाडे उभी असेतोवर त्यांपासून आणखी काड्या घेत राहावे.